कोल्हापुरातल्या पाच लॅब, एकच सीरम: कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचे आकडे जुळवायचे कसे

राजारामपुरीत कोलेस्टेरॉल २२५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं, दोन दिवसांनी शाहूपुरीत त्याच माणसाचं २०३ आलं. दोन्ही रिपोर्ट हातात घेऊन पेशंट डॉक्टरांना विचारतो, "यातलं खरं कुठलं?" लॅब चालवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हा प्रश्न कधी ना कधी आलेला असतो. "मशीन वेगळं आहे, तेवढा फरक पडायचाच," असं उत्तर देऊन आपण मोकळे होतो. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. २०० आणि २४० या रेषा सगळ्या डॉक्टरांसाठी एकच आहेत. आकडा रेषेच्या अलीकडे पडला की पलीकडे, यावरून माणसाला वर्षानुवर्षं घ्यायची गोळी सुरू होते किंवा होत नाही. रेषा एकच असेल तर मोजमापही एकच असायला हवं.

त्यासाठी कोट्यवधीचं यंत्र लागत नाही. सेमी-ऑटो ॲनालायझर (अर्ध-स्वयंचलित तपासणी यंत्र) असलेल्या चार-पाच लॅब एकत्र आल्या तरी दोन-तीन महिन्यांत पुष्कळ काम होतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी लक्ष्य ठरवा

शेजारच्या लॅबशी आकडा जुळवणं हे लक्ष्य नाही. दोन्ही लॅब सारख्याच चुकत असतील तर त्या जुळतील, पण चुकलेल्याच राहतील. मार्केट यार्डातल्या दोन अडत्यांनी गुळाच्या ढेपा एकमेकांच्या काट्यावर तपासून काही सिद्ध होत नाही, दोन्ही काटे शिक्क्याच्या वजनालाच लावावे लागतात.

आपलं शिक्क्याचं वजन ठरलेलं आहे. कोलेस्टेरॉलसाठी १९५२ साली एबेल, केंडल आणि सहकाऱ्यांनी एक रासायनिक पद्धत दिली. सीरम अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवायचं, कोलेस्टेरॉल हेक्झेनसारख्या द्रावकात ओढून घ्यायचं आणि लीबरमान-बुर्खार्डच्या रंगाने मोजायचं. अमेरिकेच्या सीडीसीने (रोग नियंत्रण केंद्राने) हीच पद्धत थोडी सुधारून संदर्भ म्हणून धरली आणि तिच्याभोवती लिपिड प्रमाणीकरणाचं काम उभं केलं. तिच्याही वर समस्थानिक वापरून मास स्पेक्ट्रोमेट्रीने केलेलं मोजमाप येतं आणि सर्वांत वर शुद्ध कोलेस्टेरॉलचा प्रमाणित नमुना असतो. तुमच्या किटबरोबर येणाऱ्या कॅलिब्रेटरची, म्हणजे मशीनला माप शिकवणाऱ्या नमुन्याची, ठरवून दिलेली किंमत (मूल्य) या साखळीला जोडलेली असली, तरच तुमच्या रिपोर्टवरच्या आकड्याला अर्थ आहे.

किती फरक चालतो, याचे आकडेही अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल शिक्षण कार्यक्रमाने घालून दिलेले आहेत. एकूण कोलेस्टेरॉलसाठी बायस ३ टक्क्यांच्या आत आणि सीव्ही ३ टक्क्यांच्या आत. ट्रायग्लिसराइडसाठी दोन्ही ५ टक्क्यांच्या आत. एचडीएलला (चांगलं कोलेस्टेरॉल) बायस ५ आणि सीव्ही ४, एलडीएलला (वाईट कोलेस्टेरॉल) दोन्ही ४. बायस म्हणजे खऱ्या किमतीपासून एकाच बाजूला सातत्याने सरकणं. सीव्ही म्हणजे तेच सॅम्पल पुन्हा पुन्हा लावल्यावर होणारी चलबिचल. दोन्ही धरून कोलेस्टेरॉलची एकूण चूक ८.९ टक्क्यांच्या आत राहते: ३ अधिक १.९६ गुणिले ३. हे आकडे मोठ्या अक्षरांत छापून ॲनालायझरच्या वर चिकटवा.

पेशंट खुर्चीत बसतो तिथून सुरुवात

लॅबमधल्या फरकाचा मोठा वाटा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच तयार झालेला असतो. माणूस २०-३० मिनिटं आडवा पडला तर रक्तातलं पाणी वाढतं आणि कोलेस्टेरॉल सुमारे १० टक्क्यांनी कमी येऊ शकतं. म्हणजे वॉर्डात पलंगावर घेतलेलं रक्त आणि लॅबमध्ये चालत आलेल्या माणसाचं रक्त, यांची तुलना मुळातच होत नाही. सगळ्यांनी एकच नियम पाळा: पाच मिनिटं शांत बसवायचं, मग सुई. टर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) एका मिनिटाच्या आत सोडायचं. शीर सापडेना म्हणून तीन-चार मिनिटं आवळून ठेवलं, तर आकडा उगीचच वर जातो.

उपाशीपोटीचा मुद्दा कोलेस्टेरॉलपेक्षा ट्रायग्लिसराइडला लागू आहे. जेवणाने एकूण कोलेस्टेरॉल फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइड मात्र हलतं. आपल्याकडे "रात्री काही खाल्लं नाही" म्हणणारा माणूस रात्री साडेदहाला दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन आलेला असतो, आणि त्याच्या हिशेबात ते खाण्यात येतच नाही. म्हणून "उपाशी आहात का?" असं विचारू नका. "शेवटचं काय घेतलं आणि किती वाजता? दूध, चहा, काहीही," असं विचारा आणि उत्तर रिपोर्टवर लिहा. उपाशी नसताना लिपिड तपासायला २०१६ च्या युरोपीय सहमतीने मोकळीक दिली आहे, पण तिथे ट्रायग्लिसराइडची रेषा १७५ धरतात, १५० नव्हे. जत्रेच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी तपासणी नको, हे सांगायला फोनवर दहा सेकंद लागतात.

नळीही सगळ्यांची एकच असू द्या. ईडीटीए (गुठळी होऊ न देणारं रसायन) घातलेल्या नळीतल्या प्लाझ्मामध्ये कोलेस्टेरॉल सीरमपेक्षा सुमारे ३ टक्के कमी येतं. आपली बायसची अख्खी मुभा ३ टक्के आहे, ती नळीतच संपवून कसं चालेल? गारगोटी, गडहिंग्लज, गगनबावड्याच्या कलेक्शन सेंटरवरून सॅम्पल येत असतील तर तिथेच अर्धा तास गुठळी होऊ द्या, सेंट्रीफ्यूज करा, दोन तासांच्या आत सीरम वेगळं करा आणि बर्फाच्या पेटीतून आणा. अख्खं रक्त एसटीने पाठवणं बंद करा.

पिपेट, कॅलिब्रेटर आणि फॅक्टरचा मोह

सेमी-ऑटोवर १० मायक्रोलिटर सीरम आणि १००० मायक्रोलिटर रिएजंट घेतो आपण. पिपेट १० ऐवजी ९.५ सोडत असेल तर रीडिंग ५ टक्क्यांनी खाली जातं. स्टँडर्डसुद्धा त्याच पिपेटने, त्याच हाताने लावलं तर ही चूक बरीचशी खोडली जाते. पण कॅलिब्रेशन न करता जुना फॅक्टर (रीडिंगवरून निकाल काढायचा गुणक) मशीनमध्ये भरून ठेवला असेल, तर सगळीच्या सगळी चूक पेशंटच्या रिपोर्टवर उतरते.

पिपेट तपासायला १० मायक्रोलिटर वजन करणं साध्या तराजूवर जमत नाही. मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारा तराजू कुणाकडे, एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात, असेल तर विनंती करा. झाकणाच्या छोट्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर दहा वेळा सोडा. शंभर मायक्रोलिटर पाणी साधारण शंभर मिलिग्रॅम भरलं पाहिजे. ९५ भरलं तर दोष पिपेटचा आहे. भराभर करा, पाणी उडतं. वर्षातून दोनदा पुरे, आणि पिपेट खाली पडली असेल तर त्याच दिवशी.

आता कॅलिब्रेटर. बऱ्याच किटबरोबर २०० मिलिग्रॅमचं पाण्यासारखं पातळ स्टँडर्ड येतं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते डिटर्जंट किंवा अल्कोहोलच्या मदतीने विरघळवलेलं असतं. ते पिपेटमधून सीरमसारखं उतरत नाही आणि कोलेस्टेरॉल एस्टरेज या एन्झाइमची परीक्षाही घेत नाही, कारण त्यात एस्टर (फॅटी ॲसिडशी जोडलेलं कोलेस्टेरॉल) नसतात. रक्तातलं दोन तृतीयांश कोलेस्टेरॉल मात्र एस्टरच्या रूपात असतं. एन्झाइम मरगळलेलं असेल तर स्टँडर्ड बरोबर येईल आणि पेशंट कमी येतील. म्हणून सीरमवर आधारलेला कॅलिब्रेटर घ्या, तोही किटच्याच कंपनीचा, आणि त्या लॉटसाठी छापलेलीच किंमत भरा. एका कंपनीचं रिएजंट आणि दुसरीचा कॅलिब्रेटर अशी जोडी लावू नका. सीडीसीच्या संदर्भ जाळ्याकडून कंपन्यांना मिळणारं प्रमाणपत्रही रिएजंट, कॅलिब्रेटर आणि यंत्र या तिघांच्या जोडणीला असतं. किट विकायला आलेल्या प्रतिनिधीला हेच विचारा: "आमच्या या मशीनवर, या कॅलिब्रेटरसह, हे प्रमाणपत्र आहे का?"

उरलं ते थोडक्यात. क्युव्हेटचं तापमान खरोखर ३७ आहे का ते बघा, दिव्याचे तास नोंदवा, फ्लो सेल रोज धुवा. ब्लँक (सीरम न घालता नुसत्या रिएजंटचं रीडिंग) दर वेळी.

स्वतःचं घर आधी

दुसऱ्यांशी तुलना करण्याआधी आपला सीव्ही काढायचा. दोन पातळ्यांचे कंट्रोल (किंमत ठाऊक असलेले पडताळणीचे नमुने), पाच दिवस, रोज पाच वेळा. पंचवीस रीडिंगचं प्रमाणित विचलन भागिले सरासरी, गुणिले शंभर. कोलेस्टेरॉलचा सीव्ही ३ च्या वर येत असेल तर गटात यायची घाई करू नका. इतक्या चलबिचलीत बायस शोधणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

कंट्रोल पावडरच्या रूपात येतो. तो ५ मिलि पाण्यात विरघळवायचा असेल तर काचेच्या अचूक पिपेटने ५ मिलि घ्या, सिरिंजने नाही. हलक्या हाताने गोल फिरवा, फेस येऊ देऊ नका, अर्धा तास ठेवा, लहान नळ्यांत भागून उणे २० ला ठेवा आणि एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराच्या कितीतरी भागांत वीज गेली होती. अशा खंडानंतर फ्रीजमधल्या कंट्रोलवर आणि रिएजंटवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. नवी बाटली उघडून जुनीशी ताडून बघायची, मग पेशंट.

एकच सीरम पाच लॅबमध्ये

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बाजारातल्या कंट्रोलने दोन लॅबची तुलना करू नका. प्रक्रिया केलेलं, वाळवलेलं सीरम वेगवेगळ्या किटबरोबर वेगवेगळं वागतं. एका किटवर ते ४ टक्के जास्त दिसेल आणि पेशंटचं ताजं सीरम मात्र बरोबर येईल. ज्याला मॅट्रिक्सचा परिणाम म्हणतात तो हाच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमार्फत चालणाऱ्या ईक्यूएएसमध्ये (लॅबची गुणवत्ता बाहेरून तपासणाऱ्या योजनेत) तुमची तुलना तुमच्याच पद्धतीच्या गटाशी करतात, त्यामागेही हेच कारण आहे. त्या योजनेत जरूर राहा, तिच्याशिवाय पुढे जाऊ नका. पण गटाच्या सरासरीशी जुळलो म्हणजे खऱ्या किमतीशी जुळलो, असा अर्थ काढू नका.

लॅब ते लॅब दुवा म्हणून पेशंटचं ताजं सीरमच सर्वांत विश्वासाचं. पद्धत अशी. पाच लॅबपैकी एकीने समन्वयाची जबाबदारी घ्यायची. तपासणी झाल्यावर उरलेलं सीरम वापरायचं, पेशंटला त्याची कल्पना देऊन. नाव काढून फक्त क्रमांक द्यायचा. कावीळ बी, सी आणि एचआयव्ही निगेटिव्ह असलेलीच सॅम्पल घ्यायची, रक्ताळलेलं किंवा पिवळंजर्द सीरम सोडून द्यायचं. प्रत्येक सॅम्पलचे पाच भाग करून बर्फाच्या पेटीतून सकाळी वाटायचे आणि सगळ्यांनी त्याच दिवशी, ठरलेल्या वेळेत, दोनदा लावायचे. गोठवायचं नाही.

एकाच दिवशी चाळीस सॅम्पल लावू नका. रोज पाच, असे आठ दिवस करा, म्हणजे दिवसागणिक होणारा फरकही पकडला जातो. आकड्यांचा पल्ला रुंद हवा: कोलेस्टेरॉल १२० पासून ३०० च्या पुढे, ट्रायग्लिसराइड ६० पासून ४०० पर्यंत. सगळी सॅम्पल १८० च्या आसपासची निवडली तर काहीच कळणार नाही. निकाल बंद पाकिटात समन्वयकाकडे. एकमेकांचे आकडे आधी बघितले की हात आपोआप जुळवायला लागतो, हे माणसाच्या स्वभावातच आहे.

पाचांपैकी एकीला वरच्या साखळीशी बांधायचं. आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या आणि साखळीचे कागद दाखवू शकणाऱ्या लॅबमध्ये त्याच सॅम्पलचा सहावा भाग जाऊ द्या. खर्च पाच जणांत वाटला की फार होत नाही. संदर्भ म्हणून तिचा आकडा धरायचा, पाच जणांची सरासरी धरायची नाही.

फरक वाचायचा कसा

समजा, संदर्भ लॅबचं कोलेस्टेरॉल १२०, २०० आणि २८०. तुमचं १२६, २१० आणि २९४. फरक ६, १०, १४ असा वाढत गेला, पण प्रमाण प्रत्येक वेळी ५ टक्केच. याला प्रमाणात वाढणारा बायस म्हणायचं. संशय कॅलिब्रेटरच्या किमतीवर, तो विरघळवण्याच्या मापावर, पिपेटवर किंवा जुन्या फॅक्टरवर घ्या.

आता ट्रायग्लिसराइड बघा. संदर्भ ८०, १५०, ३००, आणि तुमचं ९२, १६२, ३१२. फरक सगळीकडे १२. इथे कॅलिब्रेटरला हात लावून उपयोग नाही. ब्लँक बघा, आणि मुक्त ग्लिसरॉलचा विचार करा. आपल्या नेहमीच्या किटमध्ये लायपेज ट्रायग्लिसराइड फोडून ग्लिसरॉल सुटं करतो आणि पुढची एन्झाइम ते ग्लिसरॉल मोजतात. रक्तात आधीपासून असलेलं ग्लिसरॉलही त्यात मोजलं जातं. काही पद्धती ते आधी संपवून टाकतात किंवा वजा करतात, बहुतेक करत नाहीत. एका लॅबची पद्धत वजा करणारी आणि दुसरीची न करणारी असेल, तर त्या कधीच जुळणार नाहीत आणि त्यात दोष कुणाचाच नसेल. गटाने एकच पद्धत धरावी. ग्लिसरीनचा साबण किंवा हाताला लावायचं क्रीम काउंटरवर ठेवू नका, तेही सॅम्पलमध्ये उतरतं.

एक सवय सगळ्यांनी लावून घ्यावी: ट्रायग्लिसराइड लावण्याआधी नळी उजेडासमोर धरायची. रीडिंग ७०० आलं आणि सीरम नितळ आहे, तर ग्लिसरॉलचा संशय घ्या. हेपरिनवर असलेला रुग्ण असेल, शिरेतून काही चालू असेल, क्वचित जन्मजात ग्लिसरॉल कायनेजचा अभाव असेल. उलट सीरम दुधासारखं पांढरं आणि रीडिंग १८०, तर रिएजंट संपून गेलं आहे. सलाइनमध्ये पाचपट पातळ करून पुन्हा लावा आणि पाचाने गुणा. असा १८० चा आकडा जसाच्या तसा बाहेर गेला तर स्वादुपिंडाला सूज यायच्या बेतात असलेल्या माणसाला आपण धीर देऊन घरी पाठवलं असं होतं.

मूळ कारण सापडेपर्यंत मशीनमध्ये ०.९५ ने गुणून आकडा "बसवायचा" नाही. पुढचा लॉट आला की तोच गुणक उलटा अंगावर येतो, आणि तो कधी, कुणी, का टाकला हे तोवर कुणालाच आठवत नसतं.

एलडीएल: तीन चुकांची बेरीज

आपल्याकडचं बरंचसं एलडीएल गणिताने काढलेलं असतं. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रात एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. खरी किंमत कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २०० असेल तर एलडीएल १३०. आता लॅबचा बायस कोलेस्टेरॉलमध्ये अधिक ३ टक्के, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडमध्ये उणे ५ टक्के धरा. तिन्ही नियमात बसतात. आकडे होतात २१६, ३८ आणि १९०. एलडीएल निघतं १४०. तिन्ही तपासण्या पास, आणि एलडीएल मात्र ८ टक्क्यांनी चुकलेलं. म्हणून बायस नुसता मर्यादेत आहे यावर समाधान मानू नका, तो शून्याकडे ढकलत राहा.

ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की फ्रीडवाल्ड वापरायचं नाही. २०२० चं सॅम्पसन सूत्र ८०० पर्यंत वापरता येतं (२०१३ चं मार्टिन-हॉपकिन्स मुळात ४०० च्या आतल्या आकड्यांसाठी होतं), पण गटातल्या सगळ्यांनी एकच सूत्र वापरा आणि त्याचं नाव रिपोर्टवर छापा. एचडीएल कुणी जुन्या प्रेसिपिटेशनने (बाकीचं कोलेस्टेरॉल साका करून वेगळं काढून) करत असेल आणि कुणी थेट पद्धतीने, तर हा फरक आधी मिटवा.

जुळलेलं टिकवायचं

रोज दोन पातळ्यांचे कंट्रोल, पेशंटच्या आधी. लीव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर सरासरी स्वतःची, किमान वीस दिवसांच्या रीडिंगवरून काढलेली. एक ठिपका ३ एसडीच्या (प्रमाणित विचलनाच्या) बाहेर गेला तर काम थांबवा. लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर, तर बायस शिरला. लागोपाठ दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला असतील तर सगळं "आत" दिसत असलं तरी काहीतरी सरकलंय. या शेवटच्या नियमाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि लॅब-लॅबमधला फरक नेमका इथूनच सुरू होतो.

किटचा लॉट बदलला की जुन्या आणि नव्या लॉटवर वीस पेशंटची सॅम्पल लावा. सरासरी फरक कोलेस्टेरॉलला ३ टक्क्यांच्या वर गेला तर नवा लॉट रिपोर्टिंगला वापरू नका, कंपनीला कळवा. दर महिन्याला गटात पाच ताजी सॅम्पल फिरवा, दर सहा महिन्यांनी संदर्भ लॅबला पाठवा.

डॉक्टरांना काय सांगायचं

सगळं जुळलं तरी माणसाचं शरीर हलतंच. एकाच माणसाचं कोलेस्टेरॉल दिवसागणिक सुमारे ६ टक्के आणि ट्रायग्लिसराइड २० टक्के किंवा जास्तही बदलतं. त्यात लॅबचा ३ टक्के सीव्ही धरला तर दोन रिपोर्टमधला फरक साधारण १९ टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच कोलेस्टेरॉल खरोखर बदललं असं ठामपणे म्हणता येतं. ट्रायग्लिसराइडला ही सीमा ५० टक्क्यांच्याही पुढे जाते. मग २२५ आणि २०३ हा १० टक्क्यांचा फरक एकट्या शरीरानेही पाडला असेल. पण तो शरीराचा आहे हे छातीठोकपणे सांगता यायला हवं असेल, तर लॅबचा वाटा आधी मोजून बाजूला काढलेला असला पाहिजे. उपचाराचा निर्णय रेषेच्या जवळ असेल तेव्हा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरी तपासणी करून सरासरी घ्यावी, असं डॉक्टरांना स्वतःहून सुचवा.

आणि बायस दुरुस्त केल्यावर गप्प बसू नका. काल ५ टक्के जास्त येणारा आकडा आज बरोबर यायला लागला की डॉक्टरांना वाटेल औषधाने गुण आला. ज्यांच्याकडून पेशंट येतात त्या प्रत्येकाला एका पानाचं पत्र द्या: कुठल्या तारखेपासून कोलेस्टेरॉलचं कॅलिब्रेशन बदललं, आधीचे आकडे साधारण किती टक्के जास्त होते, आणि जुन्या रिपोर्टशी तुलना करताना काय ध्यानात घ्यावं. तीच ओळ पुढचे तीन महिने प्रत्येक लिपिड रिपोर्टच्या तळाशी छापा.